अथेन्सहून एका दिवसात शिडाच्या बोटीने बेटं: सल्ला हवा आहे

खिडकीची_सीट
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अथेन्सला आहोत. मी, नवरा, नऊ वर्षांचा लेक आणि आई-बाबा. त्यातला एक अख्खा दिवस शिडाच्या बोटीवर घालवायचा बेत आहे. एकाने ४० फुटी बोट सुचवली आहे, कप्तानासकट. अथेन्सच्या किनाऱ्यावरच्या अलिमोसच्या मरीनातून (खासगी बोटींचा धक्का) सकाळी १० ला निघायचं आणि संध्याकाळी ६ ला परत. तेवढ्यात एजिना, अगिस्त्री आणि मोनी अशी तीन बेटं "करून देतो" म्हणतोय.

हे खरंच होतं का? दुसरं म्हणजे आईला बोट लागते, मांडव्याच्या लाँचवरसुद्धा. मधे नांगर टाकून पोहायला थांबतात तेव्हा तरी बोट स्थिर असते ना? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही.

शीडवेडा
तीन बेटं होतील, पण बोटीतून बोट दाखवून.

गणित करा. अलिमोस ते एजिना साधारण १५ सागरी मैल. अशी बोट शिडावर ५-६ नॉटने, म्हणजे तासाला ५-६ सागरी मैल जाते, वारा पडला तर इंजिनावरही साधारण तेवढंच. म्हणजे जायला अडीच-तीन तास, यायला तेवढेच. आठातून सहा गेले. उरलेल्या दोन तासांत पोहायचं कधी, जेवायचं कधी?

मी तुमच्या जागी असतो तर अथेन्सच्या पिरेयस बंदरातून सकाळची जलद फेरीबोट धरून एजिनाला गेलो असतो. चाळीसेक मिनिटं लागतात. साध्या मोठ्या फेरीला सव्वा तास लागतो, पण ती कमी हलते, त्यामुळे आईंसाठी तीच बरी. शिडाची बोट एजिनाच्या बंदरातूनच ठरवा, तिथून दिवसाच्या बोटी मिळतात. मग दक्षिणेकडे एजिनावरचंच पेर्दिका गाव आणि समोरचं मोनी हे सगळं चार-पाच मैलांत येतं.

लिंबूपाणी
पिरेयसहून "एका दिवसात तीन बेटं" वाली मोठी जहाजंही सुटतात, इद्रा-पोरोस-एजिना अशी. आम्ही केलीय. गाणी-बिणी, बुफे, प्रत्येक बेटावर घड्याळ बघत फिरायचं. वाईट नाही, पण तुम्हाला हवंय ते हे नाही.

हर्णै_बंदर
नांगराच्या प्रश्नावर लिहितो, कारण बहुतेकांचा हाच समज असतो. ताई, नांगरलेली बोट स्थिर नसते. ती नांगराभोवती फिरत राहते आणि वारा येईल तिकडे तोंड करून उभी राहते. बाजूने लाट आली की डुलतेही. चालत्या बोटीपेक्षा थांबलेली जास्त लागते, हे मी घरातल्याच माणसांवर पाहिलंय. शीड भरलेलं असतं तेव्हा बोट एका अंगावर कललेली पण दाबून धरल्यासारखी चालते. शीड उतरवलं की झुलायला लागते.

त्यामुळे आईंना पाण्यात उतरायचं आहे का, ते बोट थांबायच्या आधीच विचारून ठेवा. नाहीतर डिंगीतून (बोटीसोबतच्या छोट्या होडीतून) किनाऱ्यावर सोडायला सांगा. खाली केबिनमध्ये मुळीच पाठवू नका. मागे सुकाणूजवळ बसवा, क्षितिजाकडे बघत. गोळी घेणार असतील तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही.

खिडकीची_सीट
बाप रे, मला वाटलं नांगर म्हणजे हँडब्रेक! मग तो सुटत नाही कशावरून?

शीडवेडा
सुटतो ना. म्हणून तर नीट टाकावा लागतो. थोडं लांबण लागेल, पण दिवस चांगला जाणं न जाणं यावरच आहे.

बोट धरून ठेवतं ते नांगराचं वजन नव्हे. नांगर वाळूत रुततो, आणि रुततो तो आडवा ओढला तरच. वर ओढला तर निघतो. साखळी भरपूर सोडली की तिचा बराच भाग तळाशी पडून राहतो आणि ओढ आडवी लागते. पाणी ५ मीटर खोल, बोटीची नाळ (पुढचं टोक) पाण्यापासून मीटरभर वर, म्हणजे ६. त्याच्या चौपट-पाचपट, २५-३० मीटर साखळी हवी. साखळीवर ठरावीक अंतरावर रंगाचे पट्टे मारलेले असतात, ते मोजता येतात.

तळही बघायचा. फिकट निळं दिसतं ती वाळू. गडद ठिगळं म्हणजे पोसिडोनिया, समुद्री गवत. त्यावर नांगर घसरतो आणि वर येताना झिपऱ्या घेऊन येतो. ते गवत वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरतं, म्हणून उपटायचं पापही नको.

माझीच फजिती सांगतो. एका खाडीत भर दुपारी पोचलो, वाळूची जागा आधीच भरलेली. "जेवणापुरतं तर थांबायचंय" म्हणत गवतावरच टाकला, साखळीही कमी. बायको काकडी चिरत होती, ती म्हणाली, "अरे, ते झाड मघाशी डावीकडे होतं ना?" झाड जागेवरच होतं. आम्ही शेजारच्या बोटीच्या दिशेने सरकत होतो, आणि तिच्यावरचा माणूस हातात फेंडर (बोटी घासू नयेत म्हणून मधे धरायचा फुगा) घेऊन आमची वाटच बघत उभा होता.

तेव्हापासून दोन सवयी लागल्या. नांगर टाकल्यावर इंजिन रिव्हर्समध्ये घालून हळूहळू ताण द्यायचा, आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून ती रेषा मोडते का बघायचं. तिसरी हौसेची: मास्क लावून खाली जाऊन रुतलेला नांगर बघून यायचा. लेकाला हे जाम आवडेल.

हर्णै_बंदर
+१. आमच्याकडे याच गणितात भरती घालावी लागते. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं. ओहोटीला ४ मीटर बघून साखळी मोजली तर भरतीला निम्मीच उरते. तिकडे भूमध्यात भरती-ओहोटी वीतभर, ती कटकट नाही.

वाऱ्याचं मात्र विचारा. आपल्याकडे पहाटे मतलई आणि दुपारी खारा, तसा तिकडचा उन्हाळ्यातला नाव असलेला वारा म्हणजे मेल्तेमी, उत्तरेचा. जोर जुलै-ऑगस्टमध्ये. सप्टेंबरअखेर उतरलेला असतो, तरी आदल्या रात्री अंदाज बघून मगच पक्कं करा.

लिंबूपाणी
शाकाहाराची काळजी नको, पेर्दिका मासे खाणाऱ्यांचं गाव असलं तरी. "गिगांतेस" मागा, आपल्या डबल बीसारख्या दाण्यांचा टोमॅटोतला रस्सा. "फावा" म्हणजे घट्ट वरणाची चुलत बहीण. भरलेल्या टोमॅटो-मिरच्या, म्हणजे "गेमिस्ता", घेताना मात्र खिमा नाही ना हे विचारा.

बाबांना इतिहासाची आवड असेल तर एजिनाच्या बंदरात शिरताना अपोलोच्या देवळाचा एकुलता एक उभा खांब दाखवा. १८२८ मध्ये हे एवढंसं गाव नव्या ग्रीसची राजधानी होतं. पिस्ते आणाच, तिथली ओळखच ती आहे.

शीडवेडा
राहिलेलं सटरफटर. चाकाच्या बॅगा नकोत, मऊ पिशव्या घ्या, बोटीवर कडक बॅग ठेवायला जागा नसते. चपला धक्क्यावरच काढतात. संडासात कागद टाकू नका, नळी तुंबली तर दिवस तिथेच संपतो. लहान मापाचं लाइफजॅकेट आहे का, ते आधी विचारा. आणि नांगरलेल्या बोटीने दिवसा पुढे काळा गोळा लावायचा असा नियम आहे, बरेच जण कंटाळा करतात. ते काम लेकाकडे द्या.

खिडकीची_सीट
मंडळी, जाऊन आलो! एजिनाहूनच बोट घेतली. साडेअकराला मोनीच्या खाडीत होतो, दोनच बोटी आधी. कप्तानाला "साखळी किती सोडणार?" विचारलं तर त्याने आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. मी पट्टे मोजले, ३० मीटर.

आईला जाताना काही झालं नाही. थांबल्यावर एक फेरी लांबून गेली आणि तिच्या लाटांनी दहा मिनिटं हाल झाले, मग डिंगीतून किनाऱ्यावर गेली. मोनीवर माणसं राहत नाहीत, पण मोर आहेत! एवढ्या लांब येऊन मोर. त्यातल्या एकाने आईच्या हातातली मेथीची दशमी सरळ ओढून नेली, आणि त्यानंतर ती बोट लागण्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

लेकाने नांगर दोनदा बघून घेतला आणि काळा गोळा स्वतः चढवला. संध्याकाळी एजिनाच्या बंदरात शिरताना शेजारच्या बोटीवरचे आजोबा जोरजोरात हातवारे करत होते. आम्हीही सगळ्यांनी प्रेमाने हात हलवले. धक्क्याला लागल्यावर कळलं, गोळा अजून वरच होता.