अमेरिकेतील मूळ रहिवाशांची संख्या केवळ रोगराईमुळे घटली का?

प्रश्न : वाचनमग्न

युरोपीय लोक अमेरिका खंडात पोहोचल्यानंतर सुमारे शंभर वर्षांत तेथील मूळ रहिवाशांची संख्या कमालीची घटली, याविषयी इतिहासकारांत फारसे दुमत दिसत नाही. वाद आहे तो कारणांविषयी. अलीकडे वाचनात येणाऱ्या बहुतेक लेखांत देवी, गोवर आणि इन्फ्लुएन्झा या रोगांकडे बोट दाखवले जाते. हे रोग त्या खंडात पूर्वी नव्हते, त्यामुळे लोकांच्या अंगी प्रतिकारशक्ती नव्हती, आणि स्पॅनिश लोक कितीही सौम्यपणे वागले असते तरी जे झाले ते टळले नसते, असा त्या मांडणीचा रोख असतो. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते, परंतु ते नेमके कुठे तोकडे पडते हे मांडता येत नाही. तलवारीने मेलेल्यांपेक्षा रोगाने मेलेले कितीतरी अधिक असणार, हे तर उघडच आहे. मग या हानीची जबाबदारी स्पॅनिश सत्तेवर कोणत्या आधाराने टाकायची? जाणकारांनी शक्यतो एखादा प्रदेश समोर ठेवून लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : दप्तरी

आधी हिस्पॅनिओला बेट पाहावे, म्हणजे आज जेथे हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत ते बेट. कोलंबस तेथे १४९२ च्या डिसेंबरात पोहोचला आणि देवीची पहिली नोंदलेली साथ १५१८ च्या अखेरीस आली. मधल्या २६ वर्षांत काय झाले, हा खरा प्रश्न आहे. १५१४ साली स्पॅनिश अधिकाऱ्यांनी वसाहतवाल्यांना कामासाठी माणसे वाटून देताना जी मोजणी केली, तिच्यात बेटाचे मूळ रहिवासी असलेले ताइनो लोक साधारण २६ हजारच भरले. मूळ लोकसंख्येचे अंदाज फार वेगवेगळे आहेत. परंतु एक लाखाचा बेताचा अंदाज धरला तरी देवी बेटावर येण्यापूर्वीच चारातली तीन माणसे नाहीशी झालेली होती. १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर एखादा तापाचा आजार आला असावा, असे काही अभ्यासक मानतात आणि ते शक्यही आहे, पण तेवढ्याने हा हिशेब पुरा होत नाही.

१४९५ पासून सोन्याच्या प्रदेशातील चौदा वर्षांवरील प्रत्येकावर खंडणी बसवण्यात आली : ससाण्याच्या पायात बांधतात तसले एक घुंगरू भरून सोने, दर तीन महिन्यांनी. तेथील नद्यांच्या वाळूत इतके सोने नव्हतेच. पुढे गावेच्या गावे स्पॅनिश माणसांना कामासाठी नेमून देण्याची पद्धत रूढ झाली आणि पुरुष महिनोन्महिने खाणींवर अडकून पडले. ताइनो लोकांचे मुख्य अन्न कसावाचे कंद. आपला साबुदाणा ज्यापासून होतो तेच हे कंद. मातीचे उंचवटे करून त्यांवर लागवड करायची, तण काढायचे, पीक तयार व्हायला जवळजवळ वर्षभर वाट पाहायची, हे सारे ज्या हातांनी व्हायचे ते हात खाणीत होते. उपासमार झाली, कुटुंबे विखुरली, मुले जन्माला येणे कमी झाले. माणसे अपुरी पडू लागली तेव्हा बहामा बेटांवर धाडी घालून तेथील लोक पकडून आणले गेले आणि ती बेटे ओस पडली. अँतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन नावाच्या ख्रिस्ती पंथातील साधूने १५११ मध्ये सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये वसाहतवाल्यांना तोंडावर विचारले होते की, ही माणसे नाहीत काय? तेव्हा देवी यायला अजून सात वर्षे होती.

मेक्सिकोत चित्र वेगळे दिसते, कारण तेथे साथ स्पॅनिशांच्या विजययुद्धाबरोबरच आली. १५२० मध्ये अॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान येथे देवी पसरली आणि नवा राजा क्वित्लावाक तीतच गेला. बेर्नार्दिनो दे सहागुन या स्पॅनिश पाद्र्याने पुढे नावातल या अॅझटेकांच्या भाषेत लिहवून घेतलेल्या हकिकतीत अंगभर फोड आलेल्या आणि कूसही बदलता न येणाऱ्या माणसांचे वर्णन आहे, आणि त्याच ओघात असेही सांगितले आहे की कित्येक जण रोगाने नव्हे तर भुकेने मेले, कारण त्यांना खाऊ घालायला घरात कोणी उभे राहू शकत नव्हते. साथीत पाणी, पेज आणि शुश्रूषा मिळाली तर वाचणाऱ्यांचे प्रमाण वाढते. जेथे त्याच वेळी वेढा पडतो, शेती थांबते आणि तरणी माणसे वेठीला नेली जातात, तेथे तोच रोग कितीतरी जास्त माणसे मारतो. १५४५ आणि १५७६ च्या भयंकर साथी तर सत्ता पक्की झाल्यानंतरच्या आहेत. मेक्सिकोच्या ओहाका राज्यातील तेपोस्कोलुला येथील दफनभूमीतल्या दातांमधून पॅराटायफॉइडच्या गटातला एक जिवाणू ओळखल्याचे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या साथीचे ते एकमेव कारण ठरत नाही. परंतु हा रोग दूषित अन्नपाण्यातून पसरतो, आणि त्या काळात विखुरलेल्या वाड्यांतील लोकांना नव्या, दाट वस्तीच्या गावांत आणून बसवण्याचे काम चालू होते, हे लक्षात घ्यावे लागते.

प्रतिसाद : माळरान

दप्तरी यांच्या मांडणीला मी अँडीज पर्वतातील पोतोसीची जोड देतो, कारण तेथे साथीचा नव्हे तर सरकारी यंत्रणेचा हिशेब समोर येतो. आजच्या बोलिव्हियात समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर हे शहर आहे. तेथील डोंगरात १५४५ साली चांदी सापडली. वरच्या थरातील कसदार धातू संपल्यावर हलक्या प्रतीच्या दगडातून पाऱ्याच्या साहाय्याने चांदी काढण्याची रीत १५७० च्या दशकात तेथे आली. पारा पेरूमधील वान्कावेलिकाच्या खाणीतून मिळत होता. उणीव होती ती स्वस्त मजुरांची.

ती पेरूचा स्पॅनिश व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने भरून काढली. त्याने आधी दहा लाखांहून अधिक लोकांना त्यांच्या पांगलेल्या वाड्यांतून उठवून आखीव चौकांच्या गावांत बसवले, म्हणजे खानेसुमारी, करवसुली आणि धर्मांतर ही तिन्ही कामे सोपी झाली. मग १५७३ पासून ठरावीक प्रांतांवर मिता लादली : प्रौढ पुरुषांपैकी दर सातांतला एक, पाळीपाळीने वर्षभर पोतोसीला. वर्षाला सुमारे तेरा हजार माणसे अशी येत. कुटुंब, लामा नावाची ओझ्याची जनावरे आणि शिधा घेऊन काहींना कित्येक आठवडे चालावे लागे.

खाणीच्या आतले वर्णन होसे दे आकोस्ता या जेझुइट पंथाच्या पाद्र्याने केले आहे. पिळलेल्या कातड्याच्या दोरांना लाकडी पायऱ्या बांधलेल्या शिड्या, एका बाजूने उतरणारे तर दुसऱ्या बाजूने चढणारे. चढताना प्रत्येकाच्या पाठीवर छातीशी गाठ मारलेल्या फडक्यात वीस-बावीस किलो दगड, आणि पुढच्या माणसाच्या अंगठ्याला बांधलेली मेणबत्ती, कारण दोन्ही हात शिडीला लागतात.

आता घटीचा मुद्दा. मिता जमिनीशी आणि गावाशी जोडलेली होती. गाव सोडून परक्या मुलखात गेलेल्या माणसाची तीतून सुटका होत असे, मात्र त्याचा गावच्या जमिनीवरचा हक्कही जात असे. हजारोंनी हा मार्ग पत्करला. मागे उरलेल्यांवर कोटा कायम राहिला, म्हणून त्यांची पाळी सात वर्षांऐवजी दोन-तीन वर्षांनी येऊ लागली, म्हणून आणखी लोक पळाले. माणसे देता आली नाहीत तर गावच्या प्रमुखाला त्यांच्या बदल्यात चांदी मोजावी लागे आणि त्यासाठी गावाची गुरे आणि जमीन विकली जाई. त्या काळातील नोंदींत एखादे गाव रिकामे दिसते तेव्हा तेथील लोक मेलेलेच असतील असे नाही, पण गाव मात्र संपलेले असते. ही पद्धत १८१२ साली कायद्याने रद्द झाली.

(या डोंगराची चांदी नाण्यांच्या रूपाने सुरतेपर्यंत पोहोचत होती आणि तेथील टांकसाळीत वितळून तिचे मोगली रुपये पडत होते. हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, म्हणून येथेच थांबतो.)

प्रतिप्रश्न : वाचनमग्न

दोघांचेही आभार. परंतु मिता ही स्पॅनिशांपूर्वी अँडीजमध्ये राज्य करणाऱ्या इंका राजांचीच पद्धत होती असे वाचले आहे. मग तिचा दोष स्पॅनिश सत्तेला कसा देता येईल?

प्रतिसाद : माळरान

पाळीने वेठ घेण्याची रीत इंकांची होती, हे बरोबर आहे, आणि इंका राज्य काही दयाळू नव्हते. त्यांनीही जिंकलेल्या लोकांना उठवून दूरदूर वसवले होते. तथापि त्या व्यवस्थेत कामावर आलेल्याचे खाणेपिणे आणि अवजारे राज्याच्या कोठारांतून मिळत आणि त्याच्या शेताची काळजी गावचे लोक घेत. स्पॅनिशांनी पाळी ठेवली, कोठारे मोडीत काढली. मजुरी ठरवली होती, पण ती पोटापुरती नव्हती. त्यामुळे मितावाला आपल्या सुटीच्या आठवड्यांत त्याच खाणीत रोजंदारीवर पुन्हा उतरत असे. शिवाय आता पैदास होत होती ती निर्यातीच्या चांदीची, तिला मागणीची मर्यादाच नव्हती.

प्रतिसाद : उत्तरकोकणी

चर्चा उत्तम चालली आहे, फक्त एक उणीव जाणवते. वरील सर्व प्रतिसादांत तेथील लोक केवळ मरतात किंवा पळतात. त्यांनी बरेच काही केलेही. तेनोच्तित्लान १५२१ मध्ये पडले ते अॅझटेकांच्या शेजारच्या व शत्रू असलेल्या त्लाश्काला राज्याच्या हजारो सैनिकांच्या बळावर, आणि त्लाश्कालाने त्या मदतीच्या बदल्यात मिळवलेल्या सवलती पुढे पिढ्यान्‌पिढ्या राजदरबारी अर्ज करून टिकवल्या.

मेक्सिकोतील वेहोत्सिन्को गावाचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तेथील लोकांनी, मेक्सिको जिंकणाऱ्या हर्नान कोर्तेसच्या बरोबरीने, वसाहतीच्या सर्वोच्च न्यायमंडळातील अधिकाऱ्यांनी उकळलेल्या बेसुमार खंडणीविरुद्ध १५३१ मध्ये फिर्याद केली. त्यांचा मुद्दा लिहिलेला नव्हता, चितारलेला होता : झाडाच्या सालीच्या आणि घायपाताच्या कागदांवर मक्याची पोती, कापडाचे गठ्ठे, पिसांनी व सोन्याने सजवलेला, येशूची आई मेरी हिची प्रतिमा असलेला ध्वज, आणि त्या ध्वजाच्या सोन्यासाठी गुलाम म्हणून विकाव्या लागलेल्या स्त्री-पुरुषांची चित्रे, संख्येच्या खुणांसह. हे कागद आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. १५३८ साली स्पेनच्या राजाने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि खंडणीचा दोनतृतीयांश भाग परत करण्याचा आदेश काढला.

मूळ प्रश्नाच्या दृष्टीने या फिर्यादीचे महत्त्व असे की, हानीला कोण जबाबदार आहे हा विचार मागाहून कोणी इतिहासकारांनी चिकटवलेला नाही. फिर्यादींनी पुरावा म्हणून खंडणीचा तपशील मांडला, प्रतिवादी म्हणून अधिकाऱ्यांची नावे घेतली, आणि स्पेनच्या न्यायव्यवस्थेने तो पुरावा ग्राह्य धरला. फिर्याद केली तेव्हा मेक्सिकोत देवीची साथ येऊन गेल्याला अकराच वर्षे झाली होती.