फ्लॉसला पुरावा नाही म्हणे! मग माझ्या दाढांचं काय?

अक्कलदाढ
'साशंक' यांची कालची पोस्ट वाचली. मथितार्थ असा, की अमेरिकन सरकारने २०१६ साली आपल्या आहारविषयक मार्गदर्शिकेतून फ्लॉसचा (म्हणजे दातांच्या फटींत फिरवायच्या बारीक दोऱ्याचा) सल्ला गुपचूप वगळला, कारण पुरावाच सापडेना. तेव्हा दातांच्या फटी साफ करणं हे थोतांड, नुसता ब्रश पुरे. खाली लोकांचं 'अगदी अगदी' चालूच. तिथेच प्रतिसाद द्यायला बसले आणि लांबलं, म्हणून वेगळा धागा.

दाताला पाच बाजू असतात. ब्रश पुढून, मागून आणि वरून फिरतो. उरलेल्या दोन बाजू शेजारच्या दाताला खेटून. तिथे ब्रशचे केस पोचतच नाहीत. पंधरा वर्षं मी दोन्ही वेळा ब्रश केला, तोही मन लावून. आरशात दात लखलखीत. मग एक्स-रे काढला तर खालच्या दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात नेमकी तिथे दोघींना कीड. एकीचं रूट कॅनाल झालं, दुसरी भरून घेतली. बाहेरून काळा ठिपकासुद्धा नव्हता हो! 'पुरावा कमकुवत आहे' आणि 'उपयोग नाही' या दोन वाक्यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी निदान दुसऱ्यांच्या दातांशी खेळू नये.

साशंक
एक, 'थोतांड' हा शब्द तुमचा. मी 'सवयीने दिला जाणारा सल्ला' म्हटलं होतं. दोन, त्या मार्गदर्शिकेतल्या सल्ल्याला शास्त्रीय आधार हवा असा तिथला कायदाच आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आधार मागितला, तेव्हा फ्लॉसची परिणामकारकता नीट तपासलीच नव्हती हे कबूल करावं लागलं. सल्ला मात्र १९७९ पासून चालू! तीन, २०१९ चा कॉक्रेन आढावा बघा (कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय चाचण्या गोळा करून एकत्र तपासणारी संस्था). ३५ चाचण्या, ३,९२९ माणसं, आणि दोन दातांमधली कीड कमी होते का, हे एकाही चाचणीने तपासलेलं नाही. तुमच्या दाढांबद्दल वाईट वाटलं, पण दोन दाढा म्हणजे चाचणी नव्हे.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. फ्लॉस विकणाऱ्यांचं भरतं.

अक्कलदाढ
तपासलं नाही म्हणजे 'होत नाही' असं ठरलं का? कीड फटीत तयार व्हायला वेळ लागतो आणि यातल्या बहुतेक चाचण्या काही आठवड्यांत नाहीतर थोड्या महिन्यांत आटोपलेल्या. दिसणार काय त्यात? आणि त्याच आढाव्यात ब्रशच्या जोडीला फ्लॉस किंवा इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा छोटा ब्रश) वापरला तर हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, असंही लिहिलंय. ते बरं गाळलंत.

साशंक
'पुराव्याची खात्री कमी' हे त्याच वाक्याचं शेपूट तुम्ही गाळलंत. फिट्टंफाट.

दोरीवरची_कसरत
पुरावा राहू द्या. आमच्या घरी एक प्राणी (भाऊ) वापरलेला फ्लॉस बेसिनच्या कडेला वाळत घालतो. त्याच्या हिरड्या गुलाबी आहेत, पण आमची अन्नावरची वासना उडालीय. यावर कॉक्रेन काही म्हणतं का?

खुर्चीमागचा
मी डेंटिस्ट आहे, आता घाला शिव्या. लहान मुलांवरच्या एका जुन्या चाचणीत शाळेच्या प्रत्येक दिवशी प्रशिक्षित माणसाने फ्लॉस केला, तेव्हा १.७ वर्षांत कीड सुमारे ४० टक्के कमी झाली. किशोरवयीन मुलांनी स्वतः केला तिथे काहीच फरक नाही. म्हणजे दोष दोऱ्याचा नाही, हाताचा आहे. लोक दोरा फटीत वरून खाली दाबतात, टचकन हिरडीत रुततो, रक्त येतं, आणि 'मला सोसत नाही' म्हणून सोडून देतात. दोरा दाताला अर्धवट गुंडाळून हिरडीच्या किंचित आतपासून वर घासायचा. मग शेजारचा दात.

साशंक
उत्तम. मग तुम्ही रोज रात्री आमच्या घरी येणार का? नव्वद टक्के लोकांना जमत नाही तो उपाय कागदावर कितीही चांगला असो. (नव्वद हा आकडा माझ्या घरातला. दहा जण आहोत.)

कवळीवाले_काका
अवांतर आहे, पण लिहितोच. माझे दात पन्नाशीपर्यंत दगडासारखे होते. अशाच एका शहाण्याने सांगितलं, 'काका, किटण साचलंय, स्केलिंग करून घ्या.' केलं. सहा महिन्यांत पुढचे चार दात हलायला लागले, फटी पडल्या, नावाप्रमाणे आज कवळी. तुम्ही दोरा घाला नाहीतर दोरखंड, पण ते मशीन तोंडात जाऊ देऊ नका.

दोरीवरची_कसरत
काका +१. आईचंही अगदी असंच झालं.

खुर्चीमागचा
काका, दात स्केलिंगने हलले नाहीत. आतलं हाड आधीच झिजलेलं होतं. किटणाने फटी बुजून दात एकमेकांना चिकटल्यासारखे झाले होते, म्हणून पक्के वाटत होते. किटण निघालं, सूज उतरली, हिरडी खाली बसली, आणि जे आधीच गेलं होतं ते दिसायला लागलं. पावसाळ्यात पडलेल्या भिंतीचं खापर पोपडे काढणाऱ्यावर फोडू नका.

कवळीवाले_काका
म्हणजे मी खोटं बोलतोय? दात माझे, तोंड माझं, आणि अक्कल तुम्ही शिकवणार? आधी पक्के होते, नंतर हलले. याला आमच्याकडे कारण म्हणतात.

अक्कलदाढ
अहो, धागा फटींबद्दल आहे!

निमूट
फटींबद्दलच चाललंय की. मी इतकी वर्षं फक्त वाचतो, पण डॉक्टर, एक विचारतो. दात ढिले होऊ शकतात, हाड गेलंय, हे काकांना स्केलिंगआधी कोणी सांगितलं होतं का? मला तर तोंडात चार अवजारं घालून 'फ्लॉस करता ना रोज?' विचारतात. उत्तर काय देणार, आँऽऽ?

खुर्चीमागचा
नसेल सांगितलं. सांगायला हवं होतं. आमच्यातले बरेच जण सांगत नाहीत, हे मान्य. काका, तेवढ्यापुरती तुमची तक्रार रास्त.

कवळीवाले_काका
तेवढ्यापुरतीच. वा! उपकार झाले.

दोरीवरची_कसरत
आईला आत्ता विचारलं. स्केलिंगच्या आधी वर्षभर ब्रश केला की रक्त यायचं, म्हणाली. आम्हाला हे माहीतच नव्हतं. माझा वरचा +१ अर्धा समजावा.

अक्कलदाढ
रक्त म्हणजे सूज, हेच तर मी ओरडून सांगतेय. आणि लोक रक्त येतं म्हणून तिथे हात लावणंच बंद करतात! 'साशंक', १९६५ सालचा डेन्मार्कमधला प्रयोग तरी मानता की नाही? बारा जणांनी दात साफ करणं थांबवलं, दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, पुन्हा साफ करायला लागल्यावर उतरल्या.

साशंक
मानतो. त्यातून दातांवर साचणारा थर काढला पाहिजे हे सिद्ध होतं, दोऱ्यानेच काढला पाहिजे हे नाही. माझा मुद्दा पहिल्यापासून तेवढाच होता.
(नव्हता. पोस्ट पुन्हा वाचली. 'नुसता ब्रश पुरे' असं खरंच लिहिलंय. ते मागे घेतो.)

आता हसायचं तर हसा. परवा इंटरडेंटल ब्रश आणला. दोऱ्यापेक्षा सोपा आहे हे कबूल. मागच्या दाढांत छान जातो, पुढच्या दातांत शिरतच नाही, आणि दोन्ही दिवस रक्त आलं.

खुर्चीमागचा
शिरत नाही तिथे घुसवू नका. लहान मापाचा घ्या, तोही अडला तर तिथे फ्लॉसच. न दाबता गेला पाहिजे, पण जाताना कडेला घासला पाहिजे. रोज केलंत तर रक्त बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत थांबेल. नाही थांबलं तर दाखवून घ्या, आत किटण असेल.

साशंक
तारीख लिहून ठेवलीय. पंधराव्या दिवशी इथेच येऊन सांगतो, आणि थांबलं नसेल तर तुमची खैर नाही.

कवळीवाले_काका
थांबलं नाही तर स्केलिंग सांगतील. बघा बुवा.