जुन्या डिझेल इंजिनाचा टायमिंग बेल्ट घरी बदलताना : तुमचे अनुभव

मंडळी, जुन्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट (पिस्टनला जोडलेल्या क्रँकशाफ्टच्या जोरावर, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि डिझेलचा पंप ठरावीक जुळणीत फिरवणारा दातेरी पट्टा) ज्यांनी स्वतःच्या हातांनी बदलला आहे, किंवा बदलायला घेऊन मध्येच अडकले आहेत, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. कोणता बोल्ट किती टॉर्कने आवळायचा हे त्या इंजिनाच्या पुस्तकात मिळतं. हात नेमका कुठे अडला, शंका कधी आली आणि तिचं निरसन कसं केलं, हे मात्र केलेल्या माणसाकडूनच कळतं. तेच लिहा.

सुरुवात मी करतो. माझी गाडी जुनी, फोक्सवॅगनचं 1.9 लिटरचं डिझेल इंजिन, रोटरी पंपाचं. आधीच्या मालकाने बेल्ट कधी बदलला याची कुठेही नोंद नव्हती. वरचं कव्हर काढून पाहिलं तर बेल्ट अगदी नवा वाटत होता. मी तसाच चालवणार होतो, पण मग विचार केला की या रबराच्या आतली ताकद काचतंतूंच्या दोऱ्यांत असते आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. जुना बेल्ट काढल्यावर उलटा वाकवून पाहिला, तेव्हा चार-पाच दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसल्या. डिझेलमध्ये हवा वीस पटींच्या आसपास दाबली जाते, म्हणजे पिस्टन वर आला की हेडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाच्या, खाली जागाच उरत नाही. त्या क्षणी एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर तो वाकणारच.

या इंजिनात कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला खाच असते. तिच्यात सपाट पट्टी बसवून कॅम जागेवर धरायचा आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंची फट फीलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) सारखी करायची. मी सगळं जुळवलं, बेल्ट चढवला, टेन्शनर (बेल्टला ताण देणारी चकती) आवळला, क्रँक पान्याने दोन फेऱ्या फिरवला, आणि पट्टी खाचेत जाईना! दात चुकला म्हणावं तर फरक त्याहून कितीतरी लहान. रात्रभर डोक्यात तेच. सकाळी पुस्तक पुन्हा वाचलं. कॅमच्या पुलीला चावी (पुली एकाच जागी बसवणारा धातूचा तुकडा) नसते, ती निमुळत्या टोकावर नुसती घट्ट बसलेली असते. बेल्ट चढवण्याआधी तिचा बोल्ट सैल करून, मागच्या कव्हरच्या भोकातून सुंभ्याने ठोकून ती मोकळी करायची असते. मग ताण देताना पुली स्वतःची जागा घेते आणि कॅम हलत नाही. ती एक ओळ मी गाळली होती. पुन्हा सगळं उघडलं, पुली मोकळी केली, आणि दोन फेऱ्यांनंतर पट्टी अलगद आत गेली. त्या वेळी झालेला आनंद मला अजून आठवतो.

* * *

माझा अनुभव क्रँक पुलीच्या बोल्टचा. इंजिन फिरू नये म्हणून जी पिन फ्लायव्हीलमध्ये (क्रँकच्या टोकाच्या जड चाकात) घालतात, तिच्याच भरवशावर मी लांब पाइप लावून बोल्टवर जोर दिला. पिन वाकली. ती बाहेर काढण्यात अख्खी दुपार गेली. पिन फक्त जागा दाखवायला असते, जोर सोसायला नसते. नंतर टॉप गियर टाकला, भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगितला, आणि बोल्ट सुटला. तो बोल्ट एकदाच वापरायचा होता, म्हणून परत बसवताना नवा घेतला. टॉर्कनंतर ठरावीक अंश आवळायला सांगितलं असेल तर तो बोल्ट ताणला जातो, हे त्यानंतर वाचलं.

* * *

बाबांनी आणि मी मिळून केलं. त्यांच्याकडे लॉकिंगची (पुल्या जागेवर अडकवून धरण्याची) हत्यारं नव्हती, म्हणून त्यांनी जुन्या बेल्टवर आणि तिन्ही पुल्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. खुणांमधले दात मी मोजले, त्यांनी मोजले, मग नव्या बेल्टवर तेवढेच दात मोजून खुणा उतरवल्या. बेल्टवरचा बाणही फिरण्याच्या दिशेला आहे ना, ते पाहिलं. चढवला तर सगळ्या खुणा समोरासमोर.

मग दोन फेऱ्या फिरवल्या आणि बेल्टवरच्या खुणा भलतीकडेच गेल्या. माझ्या पोटात गोळा आला. बाबा शांतपणे म्हणाले, "अगं, बेल्टकडे बघू नकोस, पुल्यांच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळतायत का ते बघ." त्या जुळत होत्या. मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. समजा, क्रँकच्या पुलीला 24 दात आहेत. दोन फेऱ्यांत बेल्टचे 48 दात पुढे जातात. बेल्टला 141 दात असतील तर त्याच्या खुणा लगेच परत कशा येतील? त्या फक्त चढवण्यापुरत्या. कॅम आणि पंप मात्र क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतात, म्हणून त्यांच्या पुल्या दर दोन फेऱ्यांनी जागेवर येतात. एक फेरी फिरवून तपासलं तर फसगत होते, हे मला त्या कागदावरून समजलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

* * *

वरच्या ताईंचं अगदी बरोबर, लॉकिंगची खास हत्यारं नसली तरी अडत नाही. प्यूजोच्या जुन्या एक्सयूडी इंजिनात तर साधे 8 मिमीचे बोल्ट पुरतात. कॅमच्या पुलीच्या भोकातून एक, पंपाच्या पुलीतून दोन, आणि फ्लायव्हीलसाठी 8 मिमीचा गज. मी दोनदा केलं, दोन्ही वेळा निर्विघ्न. जास्त वेळ लागला तो इंजिनाचा माउंट काढायला. ऑइल चेंबरखाली जॅक आणि मध्ये लाकडाचा जाड ठोकळा. नुसता जॅक लावू नका, पत्रा दबतो.

* * *

मी फक्त बेल्ट बदलला. वॉटर पंप फिरवून पाहिला, चांगला वाटला, तसाच ठेवला. काही महिन्यांतच त्याच्या सीलमधून कूलंट झिरपून बेल्टवर येऊ लागलं, आणि सगळं पुन्हा उघडावं लागलं. बेल्टने फिरणारा वॉटर पंप, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी मोकळी चकती), समोरचे ऑइल सील हे सगळं एकाच वेळी बदला. नव्या बेल्टचं आयुष्य जुन्या बेअरिंगच्या हातात देऊ नका.

* * *

ताणाबद्दल लिहितो. माझ्या इंजिनात स्प्रिंगचा टेन्शनर नाही, हातानेच ताण द्यावा लागतो. जुनी पद्धत अशी की सर्वांत लांब मोकळ्या भागात बेल्ट अंगठा आणि बोटाने पिळायचा. जेमतेम 90 अंश पिळला गेला म्हणजे ताण बरोबर. सैल राहण्याच्या भीतीने मी जास्तच आवळला. इंजिन तापलं की समोरून घूं असा आवाज यायचा, थंड असताना नाही. तापल्यावर हेड आणि ब्लॉक प्रसरण पावतात, पुल्यांमधलं अंतर वाढतं, आणि आधीच घट्ट असलेला बेल्ट आणखी ताणला जातो. म्हणून ताण नेहमी थंड इंजिनावर द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा सैल केला आणि आवाज गेला.

* * *

माझं थोडं लांबेल, पण एखाद्याचं इंजिन वाचलं तर बरं. बेल्ट चढवला, हाताने क्रँक फिरवू लागलो, आणि पाऊण फेरीवर पाना अडला. मला वाटलं कॉम्प्रेशन असेल. आणखी जोर लावणार होतो. पण कॉम्प्रेशनचा अडसर वेगळा असतो. पान्यावर दाब धरून थांबलं तर हवा हळूहळू निसटते आणि पाना पुढे सरकतो, जणू उशीवर हात ठेवलाय. हे तसं नव्हतं. धातूवर धातू टेकल्यासारखं, जागच्या जागी थांबलेलं. मी पाना सोडून बाजूला बसलो. बेल्ट काढताना स्प्रिंगच्या जोराने कॅम उडी मारून थोडा फिरला होता आणि मी तो चुकीच्या खुणेवर धरला होता. बेल्ट काढून कॅम जागेवर आणला, काही वाकलं नाही. सेल मारला असता तर व्हॉल्व्ह गेले असते.

तेव्हापासून मी आधी हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढतो. मग दाब उरतच नाही, क्रँक एका हाताने फिरतो, आणि काहीही अडलं तर ते टेकलेलंच आहे असं समजून थांबता येतं.

* * *

माझ्या पंपाचा एक दात मागे पडला होता. गाडी सुरू व्हायला खूप वेळ घ्यायची, पांढरा धूर, चढावर दम नाही. 48 दातांच्या पुलीला एक दात म्हणजे पंपाचे 7.5 अंश आणि क्रँकचे तब्बल 15. उलट, पंप पुढे गेला तर इंजिन ठोकतं. दात जुळवूनही सकाळचा धूर थोडा राहिला, तेव्हा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) आणलं आणि पंपाच्या प्लंजरची, म्हणजे आतल्या दट्ट्याची, उचल मोजली. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, दात हे माप त्यापुढे फार ढोबळ. पंपाचे बोल्ट सैल करून तो किंचित फिरवला. दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या सेलला उठली.

* * *

मी येत्या सुटीत पहिल्यांदाच करणार आहे. वरच्या दादांचं वाचून हीटर प्लग काढायचं ठरवलं, पण दोन प्लग हलतच नाहीत. काय करू?

* * *

जोर लावू नका. ते हेडमध्ये तुटले तर बेल्टपेक्षा मोठं काम होऊन बसेल. गंज सोडवणारं तेल मुळाशी टाका, रात्रभर ठेवा, मग इंजिन कोमट करून थोडं मागे, थोडं पुढे असं हलवून बघा. तरीही नाही सुटले तर राहू द्या. जे दोन सुटतात तेवढेच काढा, आणि उरलेल्या सिलिंडरला पाना अडला की दाब धरून थांबा आणि मनात तीसपर्यंत मोजा. सरकला तर हवा आहे. नाही सरकला तर बेल्ट काढा.