मदत हवी आहे: डोळ्यातून निघालेल्या तंतूला मेंदूतली आपली जागा कळते कशी?

शंकासुरी

नमस्कार मंडळी,

प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारचा विषय मीच हौसेनं मागून घेतला आणि आता पुरती अडकलेय. सातव्या स्लाइडपर्यंत सगळं सुरळीत होतं, आठवी तीनदा पुसून झाली. जेवढं कळलंय तेवढं आधी लिहिते, चुकलं असेल तिथे खुशाल कान धरा.

रेटिनातल्या (डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या) गँगलियन पेशींचे अ‍ॅक्झॉन (लांब तंतू) डोळ्याच्या नसेतून, म्हणजे ऑप्टिक नर्व्हमधून, मेंदूत जातात. मासे, बेडूक, पक्षी यांच्यात ते मुख्यतः टेक्टमवर, म्हणजे मेंदूतल्या दृष्टीच्या भागावर, उतरतात. रेटिनात शेजारी असलेल्या पेशींचे तंतू टेक्टमवरही शेजारीच बसतात, म्हणजे रेटिनाचा नकाशाच तिथे उमटतो. रॉजर स्पेरीनं १९४० च्या दशकात न्यूट (पालीसारखा दिसणारा उभयचर) आणि बेडकांची ऑप्टिक नर्व्ह कापून डोळा खोबणीतच १८० अंशांत फिरवला. या प्राण्यांत नर्व्ह पुन्हा वाढते. दृष्टी परत आली, पण उफराटी! माशी वर असली की बेडूक खाली झेप घेणार, समोर असली की मागे वळणार. आणि हे कधीच सुधारलं नाही. म्हणजे तंतू अनुभवातून शिकत नाहीत, आपल्या जुन्या ठिकाणीच जाऊन बसतात. यावरून १९६३ साली त्यानं मांडलं की प्रत्येक तंतूवर आणि टेक्टमवरच्या प्रत्येक जागेवर रासायनिक खूण असते.

इथपर्यंत ठीक. आता घोळ:

एके ठिकाणी वाचलं की गोल्डफिशची अर्धी रेटिना काढून टाकली तर उरलेले तंतू टेक्टमच्या आपल्याच अर्ध्या भागात जातात, बाकीचा भाग मोकळा राहतो. दुसरीकडे वाचलं की तेच तंतू पसरून अख्खा टेक्टम व्यापतात. दोन्ही खरं कसं असेल? खूण पक्की असेल तर पसरतील कशाला?

आणि माणसाच्या एका ऑप्टिक नर्व्हमध्ये दहा लाखांच्या आसपास तंतू, जनुकं मात्र वीस हजारांच्या घरात. एवढ्या खुणा आणायच्या कुठून?

परवा सादरीकरण आहे. जाणकारांनी कृपया हात द्यावा.

मूकवाचक

उत्तर माहीत नाही, पण बेडकाचं वाचून सकाळ सार्थकी लागली. खुर्ची टाकून बसलोय.

पेशीवेडा

शंकासुरी, घोळ तुमचा नाही. खूण म्हटलं की घराच्या पाटीवरचा नंबर डोळ्यासमोर येतो, आणि सगळी गल्लत तिथेच होते.

आधी गोल्डफिश. तुम्ही वाचलेलं दोन्ही खरं आहे, फक्त पाहण्याची वेळ वेगळी. अतार्डी आणि स्पेरी यांनी १९६३ च्या प्रयोगात नर्व्ह वाढल्यावर थोड्याच आठवड्यांत पाहिलं, तेव्हा तंतू मोकळी जागा ओलांडून आपापल्या भागात गेलेले दिसले. पुढच्या लोकांनी काही महिने थांबून पाहिलं, तर तेच तंतू हळूहळू सरकत पूर्ण टेक्टमभर पसरलेले. उलट टेक्टमच अर्धा कापला तर पूर्ण रेटिनाचा नकाशा त्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसतो, पण क्रम मोडत नाही.

म्हणजे राखला जातो तो क्रम, नेमका बिंदू नव्हे. हा क्रम कसा लागतो ते बाकाच्या उदाहरणानं सांगतो.

एक लांब बाक आहे. त्याच्या एका टोकाला उग्र वास येतो, दुसऱ्या टोकाकडे तो कमी कमी होत जातो. बसायला येणाऱ्या मुलांपैकी काहींचं नाक तिखट, काहींचं बोथट. ज्याचं नाक सर्वांत तिखट तो वासापासून लांबचं टोक पकडणार. बोथट नाकवाल्यांना वासाचं फारसं काही नाही, पण चांगली जागा आधीच भरल्यामुळे ते रेटले जाऊन वासाच्या टोकाशी पोचणार. कुणाच्याही हातात आसनक्रमांक नाही, तरी रांग बरोबर लागली. अर्धी मुलं आलीच नाहीत, तर उरलेली आधी ओळखीच्या जागी बसतील आणि मग ऐसपैस होतील.

वास म्हणजे इफ्रिन-ए हे प्रथिन. टेक्टमच्या पुढच्या भागात ते कमी आणि मागच्या भागात भरपूर असतं. नाक म्हणजे तंतूच्या टोकावरचे ईपीएच-ए रिसेप्टर, म्हणजे इफ्रिन ओळखणारी प्रथिनं. रेटिनाच्या कानाकडच्या बाजूच्या तंतूंवर ते जास्त, नाकाकडच्या बाजूला कमी. (नाकाकडच्या तंतूंचं नाक बोथट! लक्षात ठेवायला विचित्र आहे, पण माझा इलाज नाही.) म्हणून कानाकडचे तंतू पुढे आणि नाकाकडचे मागे बसतात. वर-खाली या दिशेसाठी मुख्यतः बी गटातले इफ्रिन आणि रिसेप्टर आहेत. दोन दिशांना दोन चढउतार, झाला नकाशा. दहा लाख खुणा लागतच नाहीत.

शंकासुरी

बाकाचं उदाहरण चोरणार आहे, आधीच सांगून ठेवते! पण हे प्रथिन ढकलतं हे कळलं कसं? मी आठव्या स्लाइडवर लाल बाण काढलेत, टेक्टम तंतूंना ओढून घेतोय असे. चुकले का?

तिरपा चष्मा

बाण उलटे करा. :)

हा माझा आवडता प्रयोग, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फ्रीडरिख बोनहॉफर यांच्या जर्मनीतल्या गटानं १९८७ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या टेक्टममधून पेशींची पटलं (बाहेरची आवरणं) वेगळी केली आणि त्यांचे पट्टे आखले: एक पुढच्या टेक्टमचा, एक मागच्या टेक्टमचा, पुन्हा पुढचा, पुन्हा मागचा. प्रत्येक पट्टा साधारण केसाच्या जाडीचा. त्या सतरंजीच्या एका कडेला रेटिनाची पातळ चकती ठेवली आणि तंतू वाढू दिले. नाकाकडच्या बाजूचे तंतू कुठेही वाढले. कानाकडचे मात्र फक्त पुढच्या टेक्टमच्या पट्ट्यांवर, आखून दिल्यासारखे सरळ रेषेत.

आता यात पुढचे पट्टे ओढतात की मागचे हाकलतात? मागच्या पटलांना उष्णता देऊन त्यातली प्रथिनं निकामी केली, तर तंतूंची आवडनिवड संपली आणि ते दोन्हीकडे वाढायला लागले. म्हणजे हाकलणारं काहीतरी मागच्या पट्ट्यात होतं. ते प्रथिन हाती लागायला १९९५ उजाडलं, आणि ते इफ्रिन निघालं.

तंतूचं टोक, म्हणजे ग्रोथ कोन, स्पॅनिश शास्त्रज्ञ कहालनं १८९० मध्येच ओळखलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते बोटं फुटलेल्या पंजासारखं दिसतं. बोटं सतत बाहेर येतात, चाचपतात, आत जातात. इफ्रिनला शिवलं की आतला अ‍ॅक्टिनचा सांगाडा विस्कटतो आणि अख्खा पंजा मिटतो. याचा व्हिडिओ मिळाला तर नक्की दाखवा, वर्ग जागा होतो.

एक भर पेशीवेडा यांच्या उत्तराला: उंदीर आणि कोंबडीत मुख्य तंतू आधी आपली जागा ओलांडून पार पुढे निघून जातो. मग योग्य जागेच्या आसपास त्याला बाजूने फांद्या फुटतात आणि पुढचा फाजील भाग गळून जातो. तेव्हा 'थेट पत्त्यावर पोचतो' असं सरसकट लिहू नका.

पेशीवेडा

सेमिनारमध्ये कुणी 'हे शेजारच्या तंतूंशी तुलनेवर चालतं याला पुरावा काय' असं विचारलंच, तर २००० सालचा उंदरांचा प्रयोग सांगा. गँगलियन पेशींपैकी साधारण ४० टक्के पेशींत, त्याही रेटिनाभर विखुरलेल्या, जनुकबदल करून जादा ईपीएच-ए३ रिसेप्टर घातला. म्हणजे बाकावरच्या काही मुलांची नाकं मुद्दाम तिखट केली. मेंदूत एकाच रेटिनाचे दोन नकाशे तयार झाले, एक पुढे, एक मागे. बाकीच्या तंतूंना कुणी हातही लावला नव्हता, तरी त्यांना मागे सरकावं लागलं. नंबरची पाटी असती तर ते आपल्या जागी राहिले असते.

शंकासुरी

सुटलं! पण मग डोळा काहीच बघत नसताना सगळा नकाशा तयार होतो का? विजेच्या संदेशांचं काहीच काम नाही?

तिरपा चष्मा

आहे, पण शेवटचा हात फिरवायला. प्रकाश दिसायच्या आधीच रेटिनात आपोआप उत्तेजनाच्या लाटा उठतात, शेजारच्या पेशी साधारण एकाच वेळी पेटतात. त्यामुळे शेजारी तंतू मेंदूत एकत्र टिकतात आणि भरकटलेल्या फांद्या छाटल्या जातात. १९९१ साली मायस्टर, वाँग, बेलर आणि शॅट्झ यांनी वेगळ्या काढलेल्या रेटिनाखाली इलेक्ट्रोडची जाळी ठेवून या लाटा मोजल्या. लाटा बिघडवल्या तर नकाशा ढोबळमानाने बरोबर येतो, फक्त धूसर राहतो.

शंकासुरी

तिरपा चष्मा, पेशीवेडा, दोघांचे मनापासून आभार. बाण उलटे केले, आठव्या स्लाइडवर आता बाक आहे. वासाच्या टोकाला काय दाखवू हे सुचत नव्हतं, भावानं स्वतःचे मोजे काढून दिले, त्यांचाच फोटो टाकलाय.

मूकवाचक

फोटो इथेही टाका की.