मदत हवी आहे: घंटेवर काना स्वच्छ उतरतो, शिरोरेषा मात्र खरडते

मंडळी, आमचं शिरोलीला जॉबवर्कचं छोटं शेड आहे. फौंड्रीची कास्टिंग मशीन करून देणं हा रोजचा धंदा. सध्या देवळाच्या पितळी घंटा आल्यात. पट्टीवर गोलाकार ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ कोरायचं आहे. छिन्नीनं ठोकलेली अक्षरं पार्टीला नकोत.

फानुक कंट्रोलची व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं उभं मिलिंग मशीन), त्यावर वर्म गिअरचं रोटरी टेबल, म्हणजे जॉब गोल फिरवणारा ए अक्ष. घंटा मॅन्ड्रेलवर (आतून धरणाऱ्या दांड्यावर) आडवी, तोंडाला डिस्क लावून टेलस्टॉकचा आधार. अक्षरांची पट्टी लेथवर समांतर काढलेली, व्यास २०० मिमी. ६० अंशांचं कार्बाइड व्ही टूल, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) मिनिटाला ४०० मिमी. शिरोरेषा दीड मिमी रुंद, म्हणजे खोली साधारण १.३ मिमी, ती तीन पासमध्ये.

काना, दंड हे घंटेच्या लांबीत येतात, ते आरशासारखे निघतात. शिरोरेषा परिघावर धावते, तिथे कडेला बर (धातूचा कंगोरा) येतो, तळ खडबडीत होतो आणि टूलचं टोक उडतं. टूल नवं लावलं, आरपीएम वरखाली केले, पास आणखी हलका केला. फरक नाही. गंमत म्हणजे तोच मजकूर ५० मिमीच्या पितळी पाइपवर बसवला तर शिरोरेषाही झकास. स्क्रीनवर दोन्हीकडे एफ (म्हणजे फीड) ४००च दिसतो.

कुणी विचारण्याआधीच सांगतो: कॅम सॉफ्टवेअर (चित्रावरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं) जोडाक्षरं फोडत होतं, वेलांटी भलतीकडे टाकत होतं. म्हणून इंकस्केपमध्ये मजकुराचा पाथ केला. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात, त्या युनियन करून जोडल्या, मगच कॅमसाठी डीएक्सएफ फाइल काढली. घंटा कटिंगला वाजू नये म्हणून आत कापड ठासून भरलंय. (पहिल्या दिवशी शेजारच्या शेडवाल्यानं आरती चालू आहे का विचारलं होतं.)

प्रतिसाद १
वर्मचा बॅकलॅश (गिअरच्या दात्यांमधली ढिलाई) बघा. डायल लावून ए अक्ष उलटसुलट फिरवा.

प्रतिसाद २
बॅकलॅश असता तर खुणा दिशा बदलते तिथे दिसल्या असत्या, सरळ शिरोरेषेच्या मधोमध नाही. तुमच्या ५० मिमीच्या पाइपनंच उत्तर दिलंय. जी९४ मध्ये (एफ दर मिनिटाच्या हिशोबात धरणारा नेहमीचा कोड) नुसता ए अक्ष फिरतो तेव्हा कंट्रोलर एफ ४०० म्हणजे मिनिटाला ४०० अंश धरतो. व्यास त्याला ठाऊकच नसतो. २०० मिमीवर एक अंश म्हणजे १.७४५ मिमी, म्हणजे टूल प्रत्यक्षात जवळजवळ ७०० नं धावतंय. ५० मिमीवर तोच एफ १७५ पडतो, म्हणून पाइप झकास. साधारण ११४.६ मिमी व्यासालाच अंश आणि मिलिमीटर सारखे पडतात. खात्री करायची तर टूल वर उचलून एफ ४०० नं एक पूर्ण फेरा मारा आणि घड्याळ लावा. खरा वेग ४०० असेल तर ९४ सेकंद लागतील. माझ्या मते ५४ लागतील.

उपाय जी९३. पोस्ट प्रोसेसरमध्ये (कॅमचा जो भाग मशीनचे कोड लिहितो त्यात) इन्व्हर्स टाइम फीड चालू करा. प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळीला, स्वतःचा एफ लागतो: हवा तो फीड भागिले त्या ब्लॉकची पृष्ठभागावरची लांबी. ५ मिमीच्या ब्लॉकला ४०० हवा असेल तर एफ ८०. शेवटी जी९४ परत टाकायला विसरू नका, पुढच्या जॉबला महागात पडेल.

धागाकर्ता
दादा, ५४च! जी९३ लावून भंगारातल्या घंटेवर शिरोरेषा काढली, कान्यासारखीच निघाली. पण आता ‘श’ आणि ‘स्म’च्या वळणावर मशीन अडखळतं. प्रोग्रॅममध्ये तिथे एफ २०००० वगैरे आकडे आहेत.

प्रतिसाद २
म्हणजे कॅमनं वळणाचे ०.०२ मिमीचे तुकडे पाडलेत. टॉलरन्स (मूळ वळणापासून चालणारा फरक) ०.०१ मिमीपर्यंत सैल करा, सर्वात लहान तुकड्याची मर्यादा वाढवा. कोरीव अक्षरात डोळ्याला कळणार नाही. तरीही अडखळलं तर सिलिंड्रिकल इंटरपोलेशन वापरा. त्यात त्रिज्या कंट्रोलरला सांगितलेली असते, एफ पृष्ठभागावरचाच धरला जातो आणि वळणं जी०२, जी०३ या कमानीच्या कोडनं देता येतात, फक्त आय-जे-के (केंद्राची जागा) नव्हे, आर (त्रिज्या) लिहून. हा ऑप्शन मशीनसोबत घेतलेला असावा लागतो. एमडीआयमध्ये (कोड हातानं टाकायच्या मोडमध्ये) जी०७.१ ए१००, म्हणजे तुमच्या पट्टीची त्रिज्या, टाकून अलार्म येतो का पाहा. नाही आला तर जी०७.१ ए० नं लगेच रद्द करा आणि इथे कळवा, पुढचं सांगतो.