मामा तलावांच्या पाळीवर सायकल ट्रॅक नको

संथवाट (धागा सुरू करताना)

डिसेंबरात आम्ही तिघे पाच दिवस गोंदिया जिल्ह्यातल्या तलावांकाठी सायकलने हिंडलो. सायकली टेम्पोत टाकून अर्जुनी मोरगावला उतरलो आणि तिथून नवेगावबांध, सिरेगावबांध, मग गोठणगावकडून इटियाडोह असे फिरलो. रोजचे जेमतेम पंचवीस ते पस्तीस किलोमीटर. परत आल्यावर आमच्यातल्याच एकाने कल्पना मांडली की मोठ्या तलावांच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, सिमेंटचा सायकल ट्रॅक व्हावा, त्यावर दिवे लागावेत, बाकडी यावीत, म्हणजे पर्यटक वाढतील. आमच्या सायकल गटातल्या बहुतेकांनी ती उचलून धरली. मला ती अजिबात पटलेली नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे जमीनदार) तलाव, म्हणून 'मामा तलाव'. त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी, इंग्रज यायच्या आधी, धानासाठी बांधले. एकेक तलाव बघितला तर एक मातीची पाळ आणि त्यामागे पाणी, एवढंच दिसतं. खरी गंमत एका तलावाकडून दुसऱ्याकडे जाताना आहे. वरच्याचा सांडवा ओलांडला की थोडा उतार, धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं), आणि उताराच्या टोकाला पुढच्या तलावाचं पोट. वरचा भरला की उरलेलं पाणी खालच्यात. गाडीत बसून हा उतार कळतच नाही. तो पायांना कळतो, तोही दमादमाने पायडल मारलं तर. मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळला आणि त्यानंतर सगळा मुलूखच वेगळा दिसायला लागला.

पाळीवरून गुळगुळीत ट्रॅकने गोल फिरणारा माणूस एकाच तलावाभोवती फिरेल. गावात शिरणार नाही, बांध्यांमधून जाणार नाही, रस्ता विचारायला थांबणार नाही. आहेत ते गावरस्ते आणि पांदण पुरेशी आहेत. चूक वाटत असेल तर सांगा.

दोनशेकिमी

रोजचे पंचवीस किलोमीटर म्हणजे सकाळी नऊला निघून अकराला पोहोचणार. मग दिवसभर काय करायचं? मी ब्रेवे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत. त्या वेगातही गावं दिसतात, माणसं बोलतात, चहाच्या टपऱ्या लक्षात राहतात. 'हळू गेलं तरच दिसतं' हे मला मान्य नाही. शरीर थकलं की नजर उलट तीक्ष्ण होते, हा माझा अनुभव आहे. नागपूरहून नवेगावबांध एका दिवसात गाठता येतं.

ट्रॅकला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं. असले ट्रॅक वर्षभरात गुरांच्या आणि दुचाकींच्या वाटा होतात, देखभाल कोणी करत नाही.

संथवाट

अकराला पोहोचलो नाही, तीन वाजता पोहोचलो. मधे एका बोडीवर (छोट्या तळ्यावर) ढिवर, म्हणजे मासेमार मंडळी जाळं ओढत होती तिथे दीड तास गेला. एका गावात बाभळीच्या काट्याने ट्यूब गेली. पंक्चरवाले काका जेवायला गेले होते, त्यांच्या घरच्यांनी आम्हालाही वाढलं. भात, लाखोळीचं वरण आणि पोपटाच्या शेंगांची भाजी. ब्रेवेत घड्याळ चालू असतं, त्यामुळे तुम्ही ते ताट नाकारलं असतं. थकलेल्या नजरेबद्दल तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण ताट नाकारणं ही किंमत मला फार वाटते.

निवृत्त_उपअभियंता

माझी नोकरी याच कामात गेली, म्हणून फक्त पाळीबद्दल बोलतो.

पाळ म्हणजे रस्ता नव्हे. ती मातीची भिंत आहे. तिच्यातून थोडं पाणी झिरपतच असतं, आणि तो झिरपा कुठे वाढला, कुठे माती खचली, कुठे उंदरा-घुशींनी बिळं केली, हे उघड्या मातीवर डोळ्यांना दिसतं. वर सिमेंटचा थर टाकला की खालची पोकळी दिसत नाही. पावसाळ्यात सांडवा कमी पडला आणि पाणी पाळीवरून गेलं तर काँक्रीटच्या कडेची माती आधी वाहते. शिवाय ट्रॅक टाकायला मिक्सर, ट्रॅक्टर पाळीवर चढणार, ते वेगळंच. दिव्यांच्या खांबांसाठी पाळीत खड्डे खणायला तर मी कधीच परवानगी दिली नसती.

मालगुजारी १९५१ साली गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. लहान जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. तेव्हापासून गावाची रोजची नजर पाळीवरून उठली. पोटात गाळ साचलाय, बेशरमाची झुडपं माजलीत, तुडुमांची (पाणी सोडायच्या मोऱ्यांची) दारं नीट बसत नाहीत. खर्च करायचाच असेल तर आधी तिथे करा.

अर्जुनीकर

सगळं वाचलं. मी इथलाच आहे, धागाकर्ते आमच्या गावावरूनच गेले असणार.

तुम्हाला कच्चा रस्ता आवडतो, कारण तुम्ही पाच दिवसांसाठी येता. तोच रस्ता आमच्या नशिबी बारा महिने आहे. जुलैत या आणि त्याच पांदणीतून सायकल काढून दाखवा, रिमपर्यंत चिखल असतो. 'आहे ते पुरेसं आहे' हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये.

आणि सायकल ही आमच्याकडे सहलीची वस्तू नाही. आमच्या तालुक्यात सर्वात जास्त सायकल कोण चालवतं, ते बघितलंत का? आठवी ते बारावीच्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून त्यांना सायकली मिळतात आणि त्या चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत जातात. धानाचे आणि रेतीचे ट्रक अंगावरून जातात. साइडपट्टी खचलेली, त्यामुळे बाजूला व्हायलाही जागा नाही. माझी पुतणी दोन वर्षांपूर्वी अशीच रस्त्याखाली पडली, हात मोडला. पाळीवरून ट्रॅक झाला तर आमच्या गावापुरतं तरी मुलींना मोठा रस्ता टाळून शाळा गाठता येईल. म्हणून मला तो ट्रॅक हवा आहे. पर्यटक आले तर तो वरचा फायदा.

संथवाट

हे मी बघितलं होतं आणि तरी लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही. रोज सकाळी निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुलींचे घोळके आमच्या पुढे असायचे. आम्ही त्यांचा पाठलाग केल्यासारखं वाटू नये म्हणून मुद्दाम मागे राहायचो. रस्ता त्यांचा आहे, हे मला धाग्याच्या पहिल्या वाक्यातच लिहायला हवं होतं. 'आहेत ते रस्ते पुरेसे आहेत' हे वाक्य मी मागे घेतो.

पण मग मागणी ट्रॅकची कशाला? मोठ्या रस्त्याची साइडपट्टी भरून, ती मुरमाने दाबून रुंद करा अशी का नको? ती प्रत्येक गावाच्या शाळेला उपयोगी पडेल. पाळ मात्र तलावाभोवतीच फिरते.

बिवाकाठ

मी गेली सहा वर्षं जपानात शिगा प्रांतात राहते. इथे बिवा तलावाला सायकलने पूर्ण फेरी मारायची रीत आहे, साधारण दोनशे किलोमीटरची. त्याला 'बिवाइची' म्हणतात. बरेच लोक ती दोन-तीन दिवसांत, वाटेतल्या गावांत मुक्काम करत पूर्ण करतात. २०१९ मध्ये तिला राष्ट्रीय सायकलमार्गाचा दर्जा मिळाला.

इथे सांगावंसं वाटलं कारण तो मार्ग म्हणजे तलावाभोवती बांधलेली नवी वर्तुळाकार पट्टी नाही. बराचसा भाग नेहमीच्याच रस्त्यांचा आहे. त्यांच्या डाव्या कडेला निळे बाण रंगवले आहेत, तेवढ्यावर माणूस चुकत नाही. जिथे वाहनं जास्त तिथे पदपथ रुंद केला आहे. स्थानिक आजीबाई त्याच कडेने भाजी आणायला जातात. म्हणून संथवाट म्हणतात ती साइडपट्टी आणि अर्जुनीकर म्हणतात ती मुलींची वाट, मला एकच गोष्ट वाटते.

अर्जुनीकर

जपानात निळा बाण रंगवला तर ट्रकवाला तो मानतो. इथे पांढरा पट्टाही कोणी मानत नाही. वाहनांपासून वेगळी वाट हवी, या मतावर मी ठाम आहे. साइडपट्टीचा मुरूम एका पावसाळ्यात वाहून जातो, हे उपअभियंता साहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

निवृत्त_उपअभियंता

वाहून जातो, खरं आहे. नाली नीट काढली नाही तर. नाली काढली तर टिकतो. आणि वेगळी वाट हवीच असेल तर पाळीच्या पायथ्यापासून दूर, खालच्या बाजूने काढा, जमीन मोजून. पाळीला हात लावू नका, एवढंच माझं म्हणणं.

मोहफूल

पाळीची खालची बाजू म्हणताय, पण तिथून जंगल किती जवळ आहे? या सगळ्या चर्चेत वाघ कुठेच आलेला नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. तलाव, गावं आणि जंगल एकमेकांना लागून आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या जंगलात सीटी-१ नावाने ओळखला जाणारा वाघ पकडला. त्याआधी त्याने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागात १३ माणसं मारली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्या बायका जीव मुठीत धरून जातात, कारण घर त्यावर चालतं. तुमची निवांत सायकल तशी गरज नाही. सायकलचा आवाज नसतो, हा तुमच्यासाठी आनंद असेल. रानडुक्कर, अस्वल किंवा वाघ वळणावर समोर येईपर्यंत त्यालाही तुमचा पत्ता नसतो, हे लक्षात घ्या.

सायकलपर्यटन नकोच असं मी म्हणत नाही. पण 'पांदणीतून जा, रस्ता चुका, मजा येते' असं लिहून लोकांना बोलावू नका.

संथवाट

रस्ता चुका असं मी लिहिलेलं नाही. आम्ही सकाळी आठच्या आधी निघत नव्हतो, चारच्या आत गावात. जंगलाला लागून असलेला तुकडा गावकऱ्यांनी नको म्हटलं तिथे टेम्पोने गेलो, तेही सांगतो. तरी तुमचा मुद्दा बरोबर आहे, हे मूळ धाग्यात असायला हवं होतं. एक गोष्ट मात्र याच मुद्द्यातून निघते. दिव्यांचा ट्रॅक झाला की लोक अंधारातही फिरणार, आणि ते या मुलखात मला सर्वात घातक वाटतं.

साकोलीची

मला बाईच्या नजरेतून एक विचारायचं आहे. मुक्काम कुठे केलात? बायकांसाठी संडास, अंघोळीची सोय? आम्ही चौघी मैत्रिणी दोन वर्षं जायचं म्हणतोय. एका ठिकाणी चौकशी केली तर 'सोबत पुरुष कोण आहे' हाच पहिला प्रश्न आला, फोन ठेवून दिला. ट्रॅक होवो न होवो, आमचा प्रवास त्यावर अडलेला नाही. तो रात्रीच्या खोलीवर अडला आहे.

ढिवरपोर

मी तलावावरचाच. थोडक्यात सांगतो जी.

आमची मच्छीमार संस्था तलाव ठेक्याने घेते. मासे, सिंगाडे, कमळकाकडी, हे आमचं पोट आहे. मागं काही पाहुणे आले, पक्ष्यांचे फोटो काढायसाठी तलावात उतरले, जाळ्याच्या दोऱ्या तोडल्या. विचारलं तर म्हणाले, तलाव सरकारी आहे. म्हणून पाळीवर (आम्ही पार म्हणतो) ट्रॅक झाला तर रोजची भांडणं होतील, हे मी आजच सांगून ठेवतो. जाळं वाळवायला, मासळी उतरवायला, डोंगा बांधायला आम्हाला तीच जागा लागते.

सायकलवाले मात्र मला आवडले. गाडीवाले काच खाली करून विचारतात, सायकलवाला उतरून विचारतो. उतरला की मासळी घेतो.

साकोलीची ताई, आमच्या गावात बचत गटाच्या बाया जेवण करून देतात. एकीच्या घरी खोली आहे, संडास आहे, दाराला आतून कडी आहे. सोबत पुरुष कोण, हे कोणी विचारनार नाही. हिवाळ्यात या. तलावावर लालसरी, तलवार बदक, कमळपक्षी सगळे असतात. सारस बघायचा असेल तर गोंदियाकडं परसवाड्याच्या तलावाला जा. फक्त धानात त्याचं घरटं असलं तर बांधीत उतरू नका, शेतकरी त्याला जपून राहिले.

दोनशेकिमी

'उतरून विचारतो' हे वाचून थांबलो. ब्रेवेत मी उतरतो तो शिक्का मारायला आणि पाणी भरायला. पुढच्या हिवाळ्यात एकदा घड्याळ न लावता येऊन बघेन. आवडलं नाही तर इथेच येऊन लिहीन.

संथवाट

ढिवरपोर, जाळ्यांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या गटात आता ठरवतो आहोत की तलावात उतरायचं नाही, पाळीवर सायकल चालवायची नाही, ढकलत न्यायची, आणि दुपारचं जेवण सोबत बांधून न्यायचं नाही, गावातच पैसे देऊन जेवायचं.

साइडपट्टीबद्दल आम्ही जिल्हा परिषदेला पत्र लिहितो आहोत. अर्जुनीकर, त्यात शाळेच्या मुलींचा मुद्दा पहिला घालायचा आहे. मजकूर तुम्ही बघाल का? ट्रॅकची मागणी त्यात नसेल, हे आधीच सांगतो.

अर्जुनीकर

मजकूर पाठवा, बघतो. कोणत्या गावापासून कोणत्या शाळेपर्यंत रस्ता किती खचलाय, ते मी मोजून देतो, पुतणीला सोबत घेऊन. ट्रॅकची मागणी आमच्या ग्रामसभेत मी वेगळी मांडणार आहे, ती सोडलेली नाही.

आणि पुढच्या वेळी डिसेंबरपर्यंत थांबू नका, दिवाळीनंतर लगेच या. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, लागतात. वडशाच्या नाटक मंडळ्यांची नाटकं गावोगाव रात्रभर चालतात. सायकली माझ्या अंगणात ठेवा, नाटकाला बैलबंडीने जाऊ.