८८ पट्ट्या नसतील तर सुरुवातच करू नका?

मंद्रसप्तक:
काल एक पोस्ट वाचली. थोडक्यात म्हणणं असं: घरी संगणकावर संगीत करायचं तर वजनदार ८८ पट्ट्यांचा कंट्रोलर (संगणकातली वाद्यं वाजवायचा की-बोर्ड) हवा, पाच-सहा मोठ्या सॅम्पल लायब्ऱ्या (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांचे संग्रह) हव्यात, आणि एवढं जमत नसेल तर सुरुवातच करू नका. या शेवटच्या वाक्याने डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

हाच सल्ला मी सहा वर्षांपूर्वी शिरोधार्य मानला होता. ते धूड टेबलावर मावेना, म्हणून भिंतीलगत वेगळ्या स्टँडवर ठेवलं. स्क्रीन उजव्या बाजूला, मान वाकडी करून बघायची, प्रत्येक टेकनंतर उठून माऊसकडे जायचं. महिन्याभरात रोजचं वाजवणं आठवड्यावर आलं. लायब्ऱ्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर होत्या. स्ट्रिंग्ज लोड होईपर्यंत सुचलेली चाल विसरून जायची, आणि लोड झाल्यावरही द्रुत जागा घेतली की मधले स्वर गळायचे. आज माझ्याकडे ४९ पट्ट्या आहेत, एसएसडी आहे आणि एकच पियानो आहे, फुकट मिळणारा सॅलॅमँडर. रोज वाजवतो.

नवीन माणसाने आधी लेटन्सी बघावी, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. ४४.१ किलोहर्ट्झला बफर (संगणक एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ ठेवला तर नुसत्या बफरमध्येच ११.६ मिलिसेकंद जातात, १२८ ठेवला तर २.९. ड्रायव्हर आणि इंटरफेसचा वेळ त्यावर आणखी. माझा एक मित्र कित्येक महिने ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवत होता आणि 'माझी लयच कच्ची आहे' म्हणून खचला होता. वायरचा हेडफोन लावला, विंडोजमध्ये एएसआयओ हा कमी उशिराचा ड्रायव्हर निवडला, आणि दहा मिनिटांत त्याचा हात समेवर यायला लागला.

मग व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे किती जोराला किती आकडा जायचा ते ठरवणारं सेटिंग. पट्टी किती जोरात पडली हे मिडीत (कंट्रोलर संगणकाशी बोलतो ती भाषा) १ ते १२७ या आकड्यांत जातं. एकदा मी माझंच रेकॉर्डिंग उघडून आकडे बघितले, तर सगळे ६० ते ८० मध्ये अडकलेले. सॅलॅमँडरमध्ये हलक्यापासून जोरकसपर्यंत १६ थर आहेत. त्यातले मधलेच काही मी ऐकत होतो आणि आवाज सपाट वाटतो म्हणून नवी लायब्ररी शोधत होतो! कंट्रोलरचा कर्व्ह बदलला आणि तोच पियानो बोलायला लागला. पट्ट्यांची संख्या या सगळ्यानंतर येते.

षड्जपंचम:
मी १४ वर्षं पियानो शिकवते. तुमचा राग पटला, निष्कर्ष अजिबात पटला नाही.

हलक्या, स्प्रिंगच्या पट्ट्यांवर दोन वर्षं शिकून आलेली मुलं खऱ्या पियानोवर बसतात तेव्हा त्यांची करंगळी अक्षरशः कोसळते. हळू वाजव म्हटलं तर स्वर उमटतच नाही, कारण हळू दाबणं म्हणजे काय हे त्या बोटांनी कधी अनुभवलेलंच नसतं. तुमचे ते ६० ते ८० आकडे सॉफ्टवेअरमुळे आले नव्हते. हाताला पट्टीचं वजन कळत नव्हतं म्हणून आले होते. कर्व्ह बदलून तुम्ही आजार झाकलात.

आणि डाव्या हाताचं काय? ४९ पट्ट्यांवर दोन्ही हातांचं काही वाजवायला घ्या, हात एकमेकांवर आपटतात.

मंद्रसप्तक:
ताई, पियानो शिकणाऱ्याला ८८ वजनदार पट्ट्या हव्यात याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. पण घरी गाण्याची साथ, बेस, पॅड, ताल असं सगळं करणारा माणूस पियानोवादक नसतो. बेसचा मंद्र स्वर हवा तर ऑक्टेव्हचं बटण आहे. ऑर्गनचा द्रुत तुकडा वजनदार पट्ट्यांवर वाजवून बघा, बोटं भरून येतात.

'आजार झाकलात' हे मात्र लागलं. वजनदार पट्ट्यांवरसुद्धा माझे आकडे तेच होते. कर्व्ह प्रत्येकाच्या हाताप्रमाणे लावायचाच असतो.

घसीट:
तुम्ही दोघंही चुकीच्या वाद्यावर भांडताय. ४९ काय आणि ८८ काय, पट्टी म्हणजे पट्टी. तिच्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, नाही. आपलं संगीत दोन स्वरांच्या मधल्या वाटेत आहे.

सतारीची एक लायब्ररी घेतली होती. ठरावीक पट्टी दाबली की आधी रेकॉर्ड केलेली मींड वाजते. दर वेळी तीच, त्याच गतीने. विलंबितात घ्या, द्रुतात घ्या, तिला काही फरक पडत नाही. पंधरा दिवसांत काढून टाकली. ज्यांना हे चालतं त्यांच्या कानांचं काय झालंय, देव जाणे.

खर्जातला:
कानांवर जायचं कारण नाही. पिच व्हील, म्हणजे स्वर वर-खाली वाकवायचं चाक, कशाला दिलंय?

बहुतेक वाद्यांत त्याची मर्यादा वर-खाली २ सेमीटोन (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) असते. ती वाद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बदला. सा ते प मींड हवी तर ७ करा. सा दाबून व्हील शेवटपर्यंत ढकललं की बरोबर पंचम. लोक सरसकट १२ ठेवतात, मग अंगठा जरा हलला की स्वर भलतीकडे जातो, आणि 'मींड येत नाही' म्हणून ओरडतात.

घसीट:
व्हीलला स्प्रिंग आहे. सोडलं की मध्यावर येतं. स्वरावर थांबायचं कसं? मी शेजारच्या दुसऱ्या चाकाला, मॉड व्हीलला, पिच जोडून पाहिलं, कारण त्याला स्प्रिंग नसते. पायऱ्या ऐकू येतात. तुम्ही कधी सतार हातात घेतली आहे का?

खर्जातला:
९ वर्षं शिकलो. डाव्या हाताच्या तर्जनीवर अजून खूण आहे. पुन्हा विचारू नका.

पायऱ्या का येतात ते सांगतो. मॉड व्हील फक्त १२८ आकडे पाठवतं. सप्तकभर मींड त्यात बसवली तर एकेक पायरी साधारण ९ सेंटची (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे सेंट) होते, ती कानाला कळणारच. पिच बेंडला १६,३८४ आकडे मिळतात. काही कंट्रोलर ते सगळे पाठवत नाहीत हेही खरं, म्हणून घेण्याआधी मिडी मॉनिटरमध्ये आकडे सलग येतात का ते बघावं. पट्ट्या मोजण्यापेक्षा हे बघा.

आणि स्प्रिंगचं म्हणाल तर सतारीची ओढलेली तार काय करते? तीही पडद्यावरच्या स्वराकडे परत खेचतेच. तुम्ही बोटाच्या बळावर तिला धरून ठेवता. व्हील धरायला अंगठ्याला तेच शिकावं लागतं.

षड्जपंचम:
मूळ प्रश्न नवशिक्याने काय घ्यावं हा होता. सतारीवर कसे पोचलो?

सूरपेटी:
पोचलो ते बरं झालं. मींड नाही म्हणून पट्टीचं वाद्य हलकं, हे ऐकून माझे कान किटलेत. हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली ती थोडी सैल व्हायला १९७१ उजाडलं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पेटीवर साथ केली. गायकाची मींड ते भात्याच्या दाबाने आणि कणस्वरांनी अशी सुचवायचे की ऐकणारा मधली वाट स्वतःच्या मनात भरून घ्यायचा.

भात्यावरून सांगते. व्हर्च्युअल बासरी, व्हायोलिन वाजवणाऱ्यांनी एक्स्प्रेशन, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा मिडीचा सीसी ११, एखाद्या फेडरला किंवा पायातल्या एक्स्प्रेशन पेडलला जोडावा. स्वर धरलेला असताना आवाज फुगला-ओसरला नाही तर कितीही महागडी लायब्ररी निर्जीव वाटते. माझ्या ३२ पट्ट्यांच्या कंट्रोलरवर मी हे पायाने करते, हात मोकळे राहतात.

घसीट:
आकाशवाणी इथे कुठून आली? मी पेटीला हलकं म्हटलं नाही.

तारही परत खेचते हा मुद्दा मान्य. दुसरा उरतोच. एकाच पडद्यावरून सतारीत चार-पाच स्वर ओढता येतात आणि तरी ती सतारच वाटते. सॅम्पल चार-पाच सेमीटोन वर सरकवला की भोपळ्याचा घुमारासुद्धा वर सरकतो. वाद्य लहान मुलाचं वाटायला लागतं. याला उत्तर द्या.

खर्जातला:
याला पूर्ण उत्तर नाही. सॅम्पलमध्ये ते होतंच. म्हणून लांब मींडेसाठी मी सॅम्पल वापरत नाही, फिजिकल मॉडेलिंगचं वाद्य (रेकॉर्डिंगऐवजी गणिताने नाद घडवणारं) किंवा साधा सिंथ वापरतो. सर्ज एक्सटी हा सिंथ घ्या, मुक्त स्रोत आहे. त्यात स्कालाची (स्वरांची जुळणी लिहिलेली) फाइल टाकून शुद्ध गंधार पियानोच्या सारख्या अंतराच्या जुळणीपेक्षा १४ सेंट उतरवता येतो. तो आवाज सतारीचा नाही, पण मींड माझी असते. आणि एका वेळी एकच स्वर वाजवणाऱ्याला त्यासाठी २०१८ साली मानक झालेल्या एमपीईचा (प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवू देणारी मिडीची पद्धत) खास कंट्रोलर लागत नाही. त्याची गरज एकाच वेळी दाबलेले स्वर वेगवेगळे वाकवायचे असतील तेव्हा.

पहिलापाठ:
मी नवीन आहे. ६१ पट्ट्या घेतल्यात, त्या परत कराव्यात का कळेना. शिवाय स्वर लांबवायचं पेडल उलटं चालतंय. दाबलं की स्वर तुटतो, पाय काढला की लांबत राहतो. पेडल खराब आलंय का?

षड्जपंचम:
परत करू नका. कंट्रोलर बंद करा, पेडल जोडा, पाय लांब ठेवा आणि मग चालू करा. बरेच कंट्रोलर चालू होताना पेडलची उघडी स्थिती तपासतात. त्या क्षणी पाय पेडलवर असला किंवा पेडल नंतर जोडलं की उलटं होतं.

मंद्रसप्तक:
ताईंनी सांगितलं तसं करा. तरीही उलटंच राहिलं तर पेडलच्या खाली बारीक बटण असेल ते सरकवा. ६१ भरपूर आहेत.

षड्जपंचम:
साथीसाठी भरपूर. पियानो शिकायचा असेल तर नाहीत. माझं मत तेच आहे. त्या पोस्टमधलं 'सुरुवातच करू नका' चुकीचं होतं, एवढं मात्र मानते. माझी सर्वांत तयारीची विद्यार्थिनी एका मोडक्या खेळण्यातल्या की-बोर्डवरून आली होती.

घसीट:
रात्री दोन तास बसलो. दरबारीचा कोमल गंधार घेऊन पाहिला. पिच व्हीलची मर्यादा २ ठेवली तेव्हा गंधार व्हीलच्या अर्ध्यावर येत होता, तिथे अंगठा ठरेना. मग १ केली. रिषभाची पट्टी धरून व्हील वर टेकवलं की गंधार, आणि आंदोलन त्याच्या जरा खाली. अवरोही मींडेसाठी आधी व्हील चढवून ठेवलं, मग पट्टी दाबली आणि व्हील सावकाश सोडलं. सतारीवर तार आधी ओढून मग आघात करतो, अगदी तसं.

ही दरबारी नाही. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी आतल्या खोलीतून आईने विचारलं, 'कानडा का रे?' खर्जातले, तुमच्या सर्जमध्ये जवारीच्या (सतारीच्या झणझणत्या नादाच्या) जवळ जाणारा आवाज कसा लावायचा ते लिहा.